घटना माहीत नाही म्हणून मत काढून घ्यायचं का? बाबासाहेबांनी १९१९ सालीच याचं उत्तर दिलं होतं

जळगाव जिल्ह्यातला बोदवड तालुका. याच तालुक्यातलं नाडगाव हे भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांचं जन्मगाव. जुलै २००७ मध्ये त्यांनी राष्ट्रपतीपदाची शपथ घेतली आणि या भागाचं नाव देशभर पोचलं.

आता एक साधा प्रश्न. राष्ट्रपतींना निवडून कोण देतं?

कुणी म्हणेल जनता, कुणी म्हणेल लोकसभा, कुणी म्हणेल पंतप्रधान नेमतात. खरं उत्तर असं आहे की संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले खासदार आणि विधानसभांचे निवडून आलेले आमदार मिळून राष्ट्रपती निवडतात. विधान परिषदेच्या आमदारांना या निवडणुकीत मत नसतं. राष्ट्रपतींनी नेमलेल्या खासदारांनाही नसतं.

हे माहीत नव्हतं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. पदवी घेतलेल्या, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं चाळलेल्या माणसांचाही इथं गोंधळ उडतो. हाच गोंधळ पकडून हल्ली व्हिडिओ निघतात. रस्त्यावरच्या माणसापुढं माईक धरायचा, राज्यघटना कधी लागू झाली, मूलभूत हक्क किती, असं विचारायचं आणि उत्तर चुकलं की हसायचं. खाली कमेंट ठरलेली असते, अशा लोकांना मतदानाचा हक्कच कशाला हवा?

गंमत म्हणजे हा प्रश्न नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी इंग्रज सरकारही हाच प्रश्न विचारत होतं. अडाणी माणसाला मत द्यायचं का? तेव्हा एका २७ वर्षांच्या प्राध्यापकानं त्याचं उत्तर दिलं आणि पुढं आयुष्यभर ते उत्तर सोडलं नाही.

ते प्राध्यापक म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांचं चरित्र आपल्याला तुकड्यातुकड्यांत माहीत असतं. महाडचा सत्याग्रह, पुणे करार, राज्यघटना, नागपूरची दीक्षा. पण हे तुकडे जोडणारा एक धागा आहे. हक्क कागदावर असणं वेगळं आणि तो माणसाला माहीत असणं, वापरता येणं वेगळं. हे अंतर मिटवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आणि या गोष्टीतली काही महत्त्वाची पानं आपल्या खानदेशात घडली आहेत.

तर सुरुवातीपासून बघू.

१४ एप्रिल १८९१ ला महू इथं त्यांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते, लष्कराच्या शाळेत शिकवायचे. त्यामुळं घरात अक्षरओळख होती. नंतर कुटुंब साताऱ्याला आलं आणि भीमरावांचं नाव शाळेत घातलं गेलं. शाळेत बसायचा हक्क होता, पण बसायला घरून आणलेलं गोणपाट लागायचं. तहान लागली तर नळाला हात लावायची सोय नव्हती, शिपायानं नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला की पाणी नाही.

म्हणजे शाळेचं दार नियमानं उघडं होतं, आतला व्यवहार मात्र नियमानं चालत नव्हता. हक्क आणि वापर यातलं अंतर त्यांनी पुस्तकात वाचायच्या आधी असं अनुभवलं.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले, १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले आणि १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. तिथं त्यांना जॉन ड्युई हे शिक्षक मिळाले. लोकशाही म्हणजे नुसता राज्यकारभाराचा प्रकार नाही, ती एकत्र जगायची रीत आहे आणि ती जगता जगता शिकायची असते, असं ड्युईंचं म्हणणं होतं. या विचाराची छाप बाबासाहेबांच्या लिखाणावर शेवटपर्यंत दिसते.

तिथून लंडन, पैसे संपल्यामुळं परत भारत आणि १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी.

इथं आपला मूळ प्रश्न येतो.

पहिलं महायुद्ध संपलं होतं. इंग्रज सरकार भारतीयांना कारभारात थोडा वाटा देणार होतं. मत कुणाला द्यायचं हे ठरवायला साउथबरो समिती आली. त्या काळी मत मिळायला जमीन, कर किंवा मालमत्ता दाखवावी लागायची, त्यामुळं मतदार म्हणजे मूठभर लोक. शेतमजूर, गिरणी कामगार, बहुतेक सगळ्या बाया आणि जवळपास सगळा अस्पृश्य समाज यादीच्या बाहेर.

२७ जानेवारी १९१९ ला प्राध्यापक आंबेडकरांनी या समितीपुढं साक्ष दिली. त्यांचा मुद्दा सोपा होता. लोक अडाणी आहेत म्हणून मत नको, असं म्हणणं म्हणजे पोहता येत नाही तोवर पाण्यात उतरू नको असं सांगण्यासारखं आहे. राजकीय हक्क वापरणं हेच राजकीय शिक्षण आहे. मत आधी मिळालं पाहिजे, समज त्यातून वाढत जाते. (पोहण्याचं उदाहरण आमचं, मुद्दा त्यांचा.)

हा मुद्दा किती महत्त्वाचा होता हे कळण्यासाठी थोडं अमेरिकेत जाऊन येऊ.

अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्क घटनेनं मिळाला होता. मग दक्षिणेकडच्या राज्यांनी एक युक्ती काढली. मिसिसिपी राज्यानं १८९० मध्ये अट घातली की मतदाराला राज्याच्या घटनेतलं एखादं कलम वाचता आलं पाहिजे किंवा त्याचा अर्थ सांगता आला पाहिजे. ऐकायला किती शहाणपणाची अट! पण परीक्षा घेणारा गोरा अधिकारी. गोऱ्या माणसाला सोपं कलम, काळ्या माणसाला अवघड. उत्तर बरोबर की चूक हेही तोच ठरवणार. या आणि अशाच अटींनी लाखो लोक पुढची अनेक दशकं मतदानापासून दूर राहिले. १९६५ च्या मताधिकार कायद्यानंतर हा खेळ मोडला.

म्हणजे घटनेची माहिती ही मताची अट केली की परीक्षा घेणाऱ्याच्या हातात सत्ता जाते. रस्त्यावरच्या व्हिडिओखाली कमेंट करताना आपण नेमकं काय मागतोय, हे यावरून कळतं.

परत बाबासाहेबांकडं येऊ. मत मागून ते थांबले नाहीत. ३१ जानेवारी १९२० ला त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केलं. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढलं. ही वर्तमानपत्रं मराठीत होती. इंग्रजीत प्रबंध लिहिणारा माणूस कायदे मंडळात काय चाललंय, कुठला ठराव झालाय, आपल्याला कुठला हक्क मिळालाय, हे साध्या मराठीत समजावून सांगत होता. आजच्या भाषेत सांगायचं तर हे त्या काळचे एक्सप्लेनर होते.

मग आलं महाड. ही गोष्ट आपल्याला पाण्याची म्हणून माहीत आहे. ती नागरिकशास्त्राचीही आहे.

४ ऑगस्ट १९२३ ला रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे मंडळात एक ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांनाही खुले. त्यानुसार महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. झालं, हक्क मिळाला.

पण तीन वर्षं एकानंही त्या तळ्याचं पाणी घेतलं नाही, कारण घेऊ दिलं जाणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. यात नवा कायदा मागितला नव्हता. आधीच मंजूर असलेला ठराव वापरला होता. त्यावर लोकांना मारहाण झाली आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठरावच मागं घेतला.

डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. तेवढ्यात विरोधक कोर्टात गेले. तळं खासगी आहे असा दावा लावून त्यांनी मनाई हुकूम मिळवला. महाडला हजारो लोक जमलेले, सगळे तळ्यावर जायला तयार. बाबासाहेबांनी काय केलं? कोर्टाचा हुकूम पाळला. त्या वेळी मिरवणूक तळ्याला फेरी घालून परत आली, पाण्याला हात लावला नाही. खटला मात्र सोडला नाही. खालच्या कोर्टातून तो वर गेला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात निकाल बाजूनं लागला.

ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं. कायदे मंडळ, नगरपालिका आणि कोर्ट ही तिन्ही दारं कशी चालतात, याचा धडा महाडच्या माणसांना याच दहा वर्षांत मिळाला.

१९२९ साल खानदेशासाठी महत्त्वाचं आहे.

त्या वर्षी मे महिन्यात बाबासाहेबांनी एक लांबलचक अहवाल लिहिला. सायमन कमिशनला मदत करायला मुंबई प्रांतात एक समिती नेमली होती, ते तिचे सदस्य होते. बाकीच्यांच्या अहवालावर त्यांनी सही केली नाही, स्वतःचा वेगळा अहवाल दिला. त्यात प्रौढ मताधिकाराची मागणी होती. साक्षरतेच्या अटीबद्दल त्यांचं म्हणणं असं होतं की ज्याला वाचता येत नाही तो बुद्धीनं कमी असतो हा समजच चुकीचा आहे. स्वतःचं भलंबुरं निरक्षर माणसालाही कळतं. शिवाय शाळेची दारं बंद ठेवून माणसाला निरक्षर ठेवायचं आणि मग निरक्षर म्हणून मत नाकारायचं, हा दुहेरी अन्याय होतो.

हे कागदावर मांडल्यावर काही महिन्यांतच ते खानदेशात आले.

मुंबई सरकारनं अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते आणि त्यांच्याकडं पूर्व आणि पश्चिम खानदेश, म्हणजे आजचा जळगाव, धुळे आणि नंदुरबारचा भाग आला होता. काम आटोपून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले. धुळे लाइनवरच्या एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी करून ते चाळीसगावला परत आले. स्टेशनवर वस्तीतली माणसं हार घेऊन उभी होती. रात्री आमच्याकडं मुक्काम करा, असा त्यांचा आग्रह होता.

वस्ती स्टेशनपासून दोन मैलांवर. बाहेर टांगे भरपूर. तरी तासभर टांगा मिळेना. शेवटी एक आला, बाबासाहेब बसले. थोडं अंतर जात नाही तोच टांगा मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढं नदीवरचा कठडा नसलेला पूल लागला. तिथं घोडा बिथरला, चाक दगडावर आदळलं. बाबासाहेब फेकले जाऊन फरशीवर पडले आणि टांगा घोड्यासकट नदीत गेला. त्यांचा पाय मोडला, बरेच दिवस अंथरुणावर काढावे लागले.

चौकशी केल्यावर खरी गोष्ट कळली. अस्पृश्य माणसाला टांग्यात बसवून हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. पाहुण्याला पायी नेणं वस्तीतल्या लोकांना बरं वाटेना. मग तडजोड झाली की टांगा भाड्यानं द्यायचा, हाकणारा तुमचा तुम्ही बघा. वस्तीतल्या ज्या माणसानं लगाम धरला त्यानं आधी कधी टांगा हाकलाच नव्हता.

परदेशातल्या दोन विद्यापीठांच्या पदव्या, बॅरिस्टरी, सरकारी समितीचं सदस्यत्व, सगळं असलेला माणूस. तरी टांगेवाल्याच्या नजरेत त्याची जात पहिली. तक्रारी तपासायला आलेला सदस्य स्वतःच एक तक्रार घेऊन परतला. बाबासाहेबांनी पुढं ही आठवण लिहून ठेवली म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली.

यानंतर गोलमेज परिषदा झाल्या. १९३२ मध्ये पुणे करार झाला आणि स्वतंत्र मतदारसंघांच्या जागी राखीव जागा आल्या. १९३५ चा कायदा आला. मतदार वाढले, पण बहुसंख्य प्रौढांना अजूनही मत नव्हतंच.

पुन्हा एकदा खानदेश. डिसेंबर १९३६ मध्ये आजच्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. खेड्यात भरलेलं हे काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. १९३५ चा कायदा आम्हाला मान्य नाही, प्रौढ मतदानानं निवडलेली घटना समिती हवी, अशी मागणी इथं झाली. आपली राज्यघटना आपण लिहू, ही मागणी देशभर नेणारा एक ठराव आपल्या केळीच्या पट्ट्यात झाला, हे बोदवड-भुसावळच्या किती पोरांना शाळेत सांगितलं जातं?

बाबासाहेब काँग्रेसमध्ये नव्हते. त्यांनी १९३६ मध्येच स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता आणि १९३७ च्या निवडणुकीत त्या पक्षाचे १७ पैकी १४ उमेदवार निवडून आले. त्याच वर्षी ३१ जुलैला एका खटल्याच्या कामासाठी ते धुळ्याला आले. तेव्हा लळिंगच्या ज्या लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम होता, तिथं आजही दरवर्षी त्या तारखेला लोक मोठ्या संख्येनं जमतात.

आता राज्यघटनेकडं येऊ. सगळ्यात जास्त चुकीची माहिती इथंच फिरते.

घटना समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ला झाली. फैजपूरला मागितलं होतं तसं प्रौढ मतदान मात्र या समितीच्या निवडणुकीत नव्हतं. प्रांतांच्या विधानसभांनी सदस्य निवडले. बाबासाहेब सुरुवातीला बंगालमधून निवडून गेले. फाळणीनंतर ती जागा गेली, मग जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून निवडून आले. २९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले.

राज्यघटना त्यांनी एकट्यानं लिहिली का? तर नाही. पहिला कच्चा मसुदा सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांनी तयार केला होता. मसुदा समितीत सात जण होते, आणि घटना समितीनं तीन वर्षं कलमांवर वाद घातले. शेवटच्या भाषणात बाबासाहेबांनी स्वतः राव यांना आणि मुख्य मसुदाकार मुखर्जी यांना श्रेय दिलं.

मग त्यांचं काम नावापुरतं होतं का? तेही नाही. समितीतल्या एकानं राजीनामा दिला, एकाचा मृत्यू झाला, एक अमेरिकेत, कुणी दिल्लीबाहेर, कुणी दुसऱ्या कामात. शेवटी भार एकट्या आंबेडकरांवर पडला, असं समितीतलेच टी. टी. कृष्णमाचारी यांनी सभागृहात सांगितलं. प्रत्येक कलमावर उठून उत्तर द्यायचं काम बाबासाहेबांनी केलं. साडेसात हजारांहून जास्त दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. तब्येत साथ देत नसताना हे सगळं चाललं होतं.

घटना इतर देशांची नक्कल आहे का? हा आरोप तेव्हाही झाला होता. ४ नोव्हेंबर १९४८ ला त्यांनी उत्तर दिलं की राज्यघटनेच्या मूळ कल्पना कुणाच्या मालकीच्या नसतात, त्या घेण्यात लाज कसली.

त्याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली. घटनेनुसार वागायची सवय माणसाला जन्मानं येत नाही, ती लावावी लागते आणि आपल्या लोकांना ती अजून लागायची आहे.

२६ नोव्हेंबर १९४९ ला राज्यघटना स्वीकारली गेली, २६ जानेवारी १९५० ला पूर्णपणे लागू झाली. पहिली तारीख संविधान दिन, दुसरी प्रजासत्ताक दिन. मूळ घटनेत ३९५ कलमं आणि ८ परिशिष्टं होती. आज आपण म्हणतो त्या उद्देशिकेतले ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं आले. मूलभूत कर्तव्यंही त्याच दुरुस्तीनं आली. मालमत्तेचा हक्क मूळ घटनेत मूलभूत होता, ४४ व्या दुरुस्तीनं तो त्या यादीतून निघाला.

आणि व्हॉट्सॲपवरचा सगळ्यात लाडका मुद्दा, आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी होतं. दहा वर्षांची मुदत कलम ३३४ मध्ये होती आणि ती लोकसभा-विधानसभेतल्या राखीव जागांसाठी होती. शिक्षण आणि नोकरीतल्या आरक्षणाला अशी मुदत घातलेली नव्हती. राखीव जागांची मुदत संसदेनं वेळोवेळी वाढवली, आता ती २०३० पर्यंत आहे.

पण १९१९ सालच्या प्रश्नाचं उत्तर कलम ३२६ मध्ये आहे. प्रौढ मतदान. शिक्षणाची अट नाही, मालमत्तेची नाही, बाई-पुरुष भेद नाही. तेव्हा वय २१ होतं, ६१ व्या दुरुस्तीनं ते १८ झालं.

हे धाडस किती मोठं होतं? १९५१ च्या जनगणनेत साक्षरता होती १८ टक्क्यांच्या आसपास. मतदार १७ कोटींहून जास्त. बहुतेकांना उमेदवाराचं नाव वाचता येत नव्हतं. म्हणून चिन्हं आली आणि प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी चिन्ह लावून ठेवली गेली.

मतदार याद्या करतानाही एक अडचण आली. अनेक भागांत बाया स्वतःचं नाव सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच सांगायच्या. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की नाव असल्याशिवाय नोंद नाही. त्यामुळं सुमारे २८ लाख बायांची नावं यादीतून गेली. आज वाचताना हे क्रूर वाटतं. पण पुढच्या निवडणुकीच्या वेळी बाया मोठ्या प्रमाणावर स्वतःच्या नावानं यादीत आल्या. सरकारी कागदावर बाईचं स्वतःचं नाव लागायला मताचा हक्क कारण ठरला. हक्क वापरता वापरताच माणूस शिकतो, हे बाबासाहेबांचं म्हणणं असं खरं ठरत होतं.

याच पहिल्या निवडणुकीत बाबासाहेब स्वतः उत्तर मुंबईतून उभे होते आणि हरले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर जिंकले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते हरले. ज्यानं प्रत्येकाला मत मिळावं म्हणून ३० वर्षं भांडण केलं, त्यालाच त्या मतांनी नाकारलं. म्हणून लोकांचं मत काढून घ्या, असं ते कधी म्हणाले नाहीत. राज्यसभेत गेले आणि काम करत राहिले.

राज्यसभेतलीच एक गोष्ट आजकाल क्लिप आणि पोस्टरवर फिरते. १९५३ मध्ये ते चिडून म्हणाले की ही घटना जाळायला मी पहिला पुढं येईन. पोस्ट इथंच संपते. पुढचा भाग असा की तेव्हा चर्चा अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची होती, आणि १९५५ मध्ये त्यांनी सभागृहात याचा खुलासाही केला. देवासाठी देऊळ बांधलं आणि त्यात राक्षस येऊन बसले तर काय करायचं, असा त्यांचा सवाल होता. राग घटनेवर कमी, ती राबवणाऱ्यांवर जास्त होता. अर्धी माहिती ही अज्ञानापेक्षा जास्त नुकसान करते ती अशी.

शेवटच्या वर्षातली एक गोष्ट फार कमी जणांना माहीत आहे. १९५६ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईत एक शाळा काढली. राजकारणात यायचं आहे अशा तरुणांना शिकवणारी शाळा. कायदे मंडळ कसं चालतं, भाषण कसं करायचं, अभ्यास कसा करायचा, हे शिकवण्यासाठी. पंधराएक विद्यार्थी होते. मधुमेहानं शरीर पोखरलेलं, नजर अधू झालेली, तरी त्यांना वाटत होतं की घटना लिहून काम संपलेलं नाही, ती चालवणारी माणसं घडवायची आहेत. १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. काही महिन्यांत ती शाळाही बंद पडली.

ती शाळा आता कुठं आहे? तर आपल्या गावात आहे, फक्त आपण तिच्या वर्गात जात नाही.

बोदवड शहरात नगरपंचायत आहे, आजूबाजूच्या गावांत ग्रामपंचायती. गटार तुंबली, नळाला पाणी नाही, तर ते काम तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाचं किंवा ग्रामपंचायतीचं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक नसेल तर जिल्हा परिषद. पोलीस राज्य सरकारचे, आमदार तिथं प्रश्न विचारू शकतो. बोदवड स्टेशनवर गाडीला थांबा हवा असेल तर रेल्वे केंद्राची, खासदाराला गाठा. गटारीसाठी खासदाराच्या पोस्टखाली कमेंट करून गटार निघत नाही.

गावात राहत असाल तर ग्रामसभेला जा. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो, तिथं बोलायला कुणाची शिफारस लागत नाही. खर्चाचा हिशोब हवा असेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. अर्ज दहा रुपयांचा, उत्तराची मुदत साधारण ३० दिवसांची. राज्यघटनेची मराठी प्रत सरकारनंच प्रसिद्ध केलेली आहे. सगळी वाचायची गरज नाही, उद्देशिका आणि कलम १२ ते ३५ वाचले तरी निम्म्या फॉरवर्डांचा खरेखोटेपणा घरबसल्या कळेल.

आणि पुढच्या वेळी माईकवाल्या व्हिडिओत एखाद्या आजीला मूलभूत हक्क किती ते सांगता आलं नाही, तर हसायच्या आधी एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या आजीचं मत आणि तुमचं मत, दोन्हींची किंमत एकच आहे. ती तशी राहावी म्हणून एका माणसानं १९१९ पासून मरेपर्यंत भांडण केलं. आजीला सहा मूलभूत हक्क कुणी सांगितलेच नसतील, तर शेजारी बसून ते सांगणं हे काम आपलं आहे.